रेश्माने उतरवलेला फ्लेक्स

गेल्या वर्षी कोळवणच्या चौकात एक फ्लेक्स लागला. रेश्माची इंजिनिअरिंगला निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, शुभेच्छुक दादासाहेब आणि मित्रपरिवार. रेश्माचा फोटो कोपऱ्यात, ओळखपत्रावरून उचललेला. दादासाहेबांचा मधोमध, गॉगलसकट.

निवड कुठेच झालेली नव्हती. बारावीचा निकाल नुकताच लागला होता आणि रेश्माने एकही अर्ज भरला नव्हता. आमच्या खोऱ्यात अभिनंदन आधी लागतं, घडायचं ते मागाहून घडतं. कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

रेश्मा पाचवीपासून माझ्या हाताखाली शिकलेली. वर्गात चमकणारी नव्हे. गणितात उत्तर बरोबर यायचं, पण सगळ्यांच्या नंतर. घाई कर म्हटलं की पेन खाली ठेवून शांतपणे माझ्याकडे बघत बसायची. बारावी सायन्सला तिला अठ्ठावन्न टक्के पडले.

दादासाहेब तिचे चुलते. पुण्याजवळच्या एका खासगी कॉलेजातल्या ओळखीच्या माणसाने त्यांना सीट पक्की असल्याचं सांगितलं होतं. त्या सीटसाठी रेश्माच्या वडिलांनी, कुशाबांनी, ओढ्याकाठचं भाताचं खाचर विकायचं असं दादासाहेबांनी ठरवूनही टाकलं होतं. डोंगराकडची जमीन आधीच गेलेली. उरलेलं एवढंच, आणि गिऱ्हाईक तयार. शहरातल्या लोकांना बंगल्याशेजारी ओढा हवा असतो.

त्याच आठवड्यात रेश्मा माझ्याकडे आली. सायन्सची बारावी झालेल्यांना सरकारी तंत्रनिकेतनात डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, हे तिने शोधून काढलं होतं. आदल्या वर्षी कुठे किती टक्क्यांना यादी संपली, हेही मोबाईलवर पाहून ठेवलं होतं. शाखा ठरलेली होती, स्थापत्य. आमच्या रानात बंगले उठत्यात आन् मापं घ्यायला माणसं बाहेरून येत्यात, असं म्हणाली.

पसंतीक्रमात पुण्याचं पहिलं लिही, असं मी सुचवलं. घरून रोज जाऊन-येऊन शिकता येईल, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे होतं.

"लिवते की, बाई," ती म्हणाली. "पण त्याच्या भरवशावर ऱ्हायचं न्हाई. तितं माझ्या मार्काला कोन इचारत न्हाई."

पुण्याखाली तिने आदल्या वर्षी आपल्याएवढ्या टक्क्यांना मिळालेली कॉलेजं लिहिली. त्यातली बरीच ताम्हिणी घाट उतरून कोकणात. अगदी शेवटी, मिळायला त्यातल्या त्यात सोपी अशी दोन. बरीच मुलं नावाजलेली चार कॉलेजं लिहून थांबतात आणि मग खासगीच्या दारात उभी राहतात. तिने यादी खालपर्यंत भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, एसटीला सगळं गाव थांबलेलं असताना, ती चौकातल्या कट्ट्यावर चढली आणि विळ्याने फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. कुणीतरी विचारलं, नापास झालीस का गं?

"पास हाय," ती म्हणाली. "निवड झाली की मीच लावीन. माझा फोटो मोठा करून."

संध्याकाळी दादासाहेब घरी आले. कुशाबांनी मलाही बोलावून घेतलं होतं. भावकीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, असं ते पुतणीला म्हणाले.

"काका, तुमचं तोंड चार दिस चौकातच व्हतं. समद्यांनी बगितलंय."

कुशाबांनी चहाचा कप तोंडापुढे धरला. दादासाहेब अधिकच तापले. खाचर विकायला तिचा नकार आहे, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. "लगीन झाल्यावर त्या खाचराशी तुजा काय संबंध?"

"नसंल काय. पण माज्या नावानं ते इकायचं न्हाई. अठ्ठावन्न टक्क्यांत माजं जे हाय ते मी घेनार."

कुशाबा कमी बोलणारे. कप खाली ठेवून ते एवढंच म्हणाले, "दादा, गिऱ्हाइकाला न्हाई म्हनून सांग."

पहिल्या फेरीत सगळीकडचे आकडे चढले आणि तिचं नाव कुठेच लागलं नाही. दादासाहेबांचे फोन सुरू झाले, सीट अजून धरून ठेवलीय म्हणून. तिची आई रंभाबाईसुद्धा डगमगली. माझाही धीर थोडा सुटला, पण रेश्माने यादीतलं एक नावही बदललं नाही. माझ्यासारख्या मार्कांचीच पोरं तितं जात्यात, दुसरी फेरी येऊ द्या, म्हणाली. दुसऱ्या फेरीत कोकणातलं चौथ्या पसंतीचं तंत्रनिकेतन मिळालं. स्थापत्यच.

निघायच्या दिवशी दादासाहेब जीप घेऊन दारात हजर. रागावलेला माणूस जीप पुसून का आणेल, पण आणली होती. आम्ही सगळे पौडला गेलो. कोकणच्या एसटीची वाट बघताना त्यांनी चारचौघांना ऐकू जाईल असं सांगायला सुरुवात केली, की पुतणी इंजिनिअरिंगला चाललीय.

एसटी आली. रेश्माने पिशवी आत ढकलली, पायरीवर एक पाय ठेवला आणि मागे वळली.

"डिप्लोमाला, काका," ती त्यांच्याहून मोठ्याने म्हणाली. "सरकारी. थेट दुसऱ्या वर्षाला."