बदक, मोदक आणि हळदीचा चमचा

मासा खायचाच नाही, तर पकडायचा कशाला?

हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला तो पेनरिथजवळ, नेपियन नदीच्या काठावर, घोटाभर चिखलात उभं राहून. दादाने नुकताच एक बास मासा पकडला होता. त्याचा फोटो काढून, त्याला अलगद पाण्यात सोडून तो हात पुसत होता. आम्ही पनवेलचे. आमच्या घरात मासा हातात आला की पुढचा प्रश्न 'कालवण की तळून' एवढाच. दादा म्हणाला, "आधी एक पकड, मग विचार." बापट हसला. गुरी म्हणाला, "छोड ना यार."

आमच्या चौघांचे किस्से म्हणजे दादाच्या बॉक्सच्या तळाशी पडलेले ल्यूर. ल्यूर म्हणजे माशाला फसवायचं खोटं आमिष, खाली गळ लावलेलं. एक उचलायला जावं तर त्याच्या गळात दुसरा, दुसऱ्यात तिसरा अडकलेला असतो आणि सगळी माळच वर येते.

दादा जुलैमध्ये गेला. साइटवरून आला, जेवला, झोपला, उठलाच नाही. तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक जण माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणतो, "बोल, मोकळा हो." मी बोलायला बसलो की मला हेच सगळं सुचतं. आता त्याला मी काय करू?

*

आधी माणसं सांगतो. दादा इंजिनिअर. मी टाइल्स लावतो. बारावी कशीबशी झाली, मग त्यानेच मला कोर्सला घालून ब्लॅकटाउनला स्वतःच्या घरी आणलं. गुरी पंजाबी, ट्रक चालवतो. बापट पुण्याचा, आयटीवाला, अंडंसुद्धा न खाणारा. तरी मासेमारीची सगळ्यात जास्त पुस्तकं त्याच्याकडे.

बासचा सीझन मे ते ऑगस्ट बंद असतो, कारण मासे तेव्हा अंडी घालायला खाली खाडीकडे जातात. बापट म्हणायचा, "इथलं सरकारसुद्धा चातुर्मास पाळतं बघ. फक्त थोडा आधी सुरू करतं." सप्टेंबर लागला, इथला हिवाळा सरला, की सीझन उघडतो. आणि नेमका तेव्हाच कधीतरी आमच्या घरी गणपती बसतो.

एका वर्षी दोन्ही एकाच शनिवारी आले. वहिनी दारात उभी राहिली. "घरात गणपती आहे आणि तुम्ही मासे मारायला निघालात?"

"मारायला नाही गं. पकडून सोडून देणार."

"मग जाताच कशाला?"

मी दादाकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी उत्तर मिळेल. दादाने प्रसादाचा डबा उचलला आणि गाडीत बसला.

नदीवर तीन तास काही लागलं नाही. गुरीला कंटाळा आला. त्याने अर्धा मोदक गळाला लावला आणि टाकला. बापट ओरडला, "अरे, तो प्रसाद आहे!" तेवढ्यात रॉड वाकला. पाच किलोचा कार्प.

आता पंचाईत. कार्प हा बाहेरून आलेला मासा, इथल्या नदीचा शत्रू, त्याला परत सोडू नये म्हणतात. आणि गणपतीत आम्ही मारायचा कसा? शिवाय तो प्रसाद खाऊन बसलेला. शेवटी दादाने शेजारच्या केव्हला फोन करून बोलावलं. केव्हने तो नेऊन त्याच्या लिंबाच्या झाडाखाली पुरला.

त्या झाडाला अशी लिंबं लागली की केव्ह पिशव्या भरभरून आणून द्यायला लागला. वहिनीने लोणचं घातलं. लिंबं कशामुळे लागली ते तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.

*

सप्टेंबरातला बास म्हणजे सुट्टीवरून परत आलेला माणूस. अंगात थंडी, कामात लक्ष नाही. दादाचा नियम एवढाच होता: पाणी गार तर मासा सुस्त, म्हणून ल्यूर हळू. पडलेल्या झाडांच्या जवळ टाकायचा, दुपारी, खडक उन्हाने तापल्यावर. "दुपारी वामकुक्षी घेतलेल्या माणसाला चहासाठी कसं उठवतात? तसं."

मी पहिल्या दिवशी मिक्सर फिरवावा तसा दोरी गुंडाळायचं रील फिरवत होतो. दादा म्हणाला, "पप्या, त्याला खायला घालतोयस की घाबरवतोयस?"

बापटला असं ऐकीव काही पटत नाही. त्याचं एक्सेल होतं. वेळ, ढग, ल्यूरचा रंग, पाण्याचं तापमान. तापमान मोजायला तो त्याच्या मुलीचं आंघोळीच्या टबातलं थर्मामीटर आणायचा. पिवळं बदक होतं ते, पोटावर आकडे दाखवणारं. दोरी बांधून तो बदक पाण्यात सोडायचा आणि सगळ्यांना समजावायचा, "या दिवसांत पाण्यावर तरंगणारा ल्यूर चालतच नाही. मासा वर येत नाही. उन्हाळा लागेपर्यंत विसरा."

"विसरा" म्हणून तोंड मिटतोय तोच खालून एक बास आला आणि बदक घेऊन गेला. दोरी ताणली, बापट दोन पावलं पाण्यात ओढला गेला, मग माशाला काय चव लागली कोण जाणे, त्याने बदक सोडून दिलं.

दादा चिखलात बसून हसत होता. बापट मात्र शांतपणे फोन काढून एक्सेल भरत होता. ल्यूर: बदक. रंग: पिवळा. तापमान: चौदा. गळ: नाही.

*

सप्टेंबरमध्ये इथल्या मॅगपाय पक्ष्यांची घरटी असतात आणि ते मागून येऊन डोक्यावर झडप घालतात. आमच्या जागेवरच्या मॅगपायने चौघांतून एकट्या बापटला निवडलं होतं. गुरीची पगडी होती, त्याला भीती नव्हती. दादाला आणि मला तो बघतसुद्धा नसे.

"पढे-लिखे आदमी की खुशबू आती होगी," गुरी म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणाला, "तू सेफ है."

केव्हने उपाय सांगितला. आइस्क्रीमचा मोठा डबा डोक्यावर पालथा घालायचा आणि मागच्या बाजूला डोळे काढायचे. पक्ष्याला वाटतं माणूस आपल्याकडेच बघतोय. डोळे दादाच्या मुलीने, इराने काढले. तिने पापण्या काढल्या, मग लिपस्टिक लावलेले ओठही काढले. "डॅड, शी नीड्स अ नेम," ती म्हणाली.

त्याच दिवशी लायसन्स तपासणारा अधिकारी आला. बापट पाठमोरा उभा होता, लक्ष सगळं पाण्यावर. अधिकाऱ्याने त्या लिपस्टिकवाल्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघितलं, मग विचारलं, "लायसन्स कोणाच्या नावावर आहे, मेट? तुझ्या की हिच्या?"

*

आता चमच्याचं.

दादाकडे शंभर तरी ल्यूर होते, पण त्याचं म्हणणं, हवी तशी चमक एकातही नाही. गार पाण्यात ल्यूर हळू ओढला तरी त्याने डुलत डुलत चमकलं पाहिजे. एकदा त्याने वहिनीला फोडणी करताना बघितलं. मसाल्याच्या डब्यातला छोटा स्टीलचा चमचा खिडकीच्या उन्हात लकाकला. दादा मला गॅरेजमध्ये घेऊन गेला. हातात चमचा, ड्रिल मशीन माझं, टाइल्सचं.

"दादा, तो डबा वहिनीच्या आईने दिलाय."

"म्हणून तर दांडी कापत नाहीये. दांडीला एक भोक, खाली एक भोक. तीन तोंडांचा गळ लावू. सीझन संपला की काढून परत ठेवतो."

दोन सीझन झाले, चमचा परत गेला नाही. वहिनी शोधत राहिली. इराला ओरडली, मला ओरडली, डिशवॉशरचा तळ उचकटून बघितला. एका रविवारी दादाने तिच्याबरोबर फ्रिजसुद्धा ओढून बघितला. घामाघूम होऊन म्हणाला, "इथेही नाही गं." मी हसू आवरायला बाहेर पळालो. शेवटी वहिनीने डब्यात खोकल्याच्या औषधाबरोबर येतो तो प्लास्टिकचा चमचा ठेवला. हळदीने तो पिवळा झाला आणि तोच घरचा झाला.

चमच्याला मात्र मासे लागायचे. बापटने एक्सेलमध्ये 'वास' नावाचा नवा रकाना केला आणि लिहिलं, 'हळद (अंदाजे)'. सगळ्यात मोठा बास लागला तेव्हा दादाने इतक्या आनंदात फोटो वहिनीला पाठवला की माशाच्या तोंडातून दांडी बाहेर आलेली दिसतेय हे त्याच्या लक्षातच आलं नाही. घरी आलो तेव्हा वहिनी फोटो दोन बोटांनी मोठा करून बघत होती. आम्ही दोघं बुटांची लेस सोडवत दारातच थांबलो.

"मासा छान आहे," ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

*

यंदा एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, सीझन संपायच्या आधी, मी दादाला न विचारता तो चमचा माझ्या रॉडच्या दोरीला, लाइनला, बांधला. समोरच्या काठाला पाण्यात पडलेलं मोठं झाड आहे. दादा म्हणेपर्यंत, "पप्या, तिथे नको—" मी टाकलाही. चमचा झाडाच्या फांदीला गुंडाळला गेला. मी जोर लावला, लाइन तुटली. चमचा पाण्याच्या हातभर वर लटकून उन्हात चमकत राहिला.

मी शर्ट काढायला लागलो. दादाने कॉलर धरली.

"गाढवा, गारठून मरशील. राहू दे. सप्टेंबरला येऊ तेव्हा काढू. कुठे जातोय तो?"

*

दादाच्या नंतर घरात महिनाभर माणसं होती. वहिनी सगळ्यांना चहा करायची, जेवायला वाढायची, आणि प्रत्येक फोडणीला त्या औषधाच्या चमच्याने हळद घालायची. मी ओट्याशी उभा राहून ते बघायचो. बाकी कशाला माझ्याकडे इलाज नव्हता. याला होता.

यंदा गणपती आणला नाही. सीझन उघडल्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही तिघं नदीवर गेलो. कोणी रॉडसुद्धा काढले नव्हते. झाड तिथेच होतं आणि फांदीवर चमचाही. मी पाण्यात चालत सुटलो, जीन्स घालूनच.

"ओए पागल, पानी तो देख!" गुरी ओरडला.

बापटने आधी बदक सोडलं. "तेरा! दुपारपर्यंत थांब, दोन अंश वाढतील!"

मी पोहोचलो. हात इतके गारठले होते की फांदी मोडूनच घ्यावी लागली. येताना फांदी पाठीमागे धरून एका हाताने पोहत होतो. काठावर चढलो तेव्हा कळलं की गळ माझ्या जीन्सच्या मागच्या खिशात घट्ट रुतलाय. मी, चमचा आणि फांदी, सगळे एकाच माळेत.

गुरीने मला गाडीच्या बॉनेटवर पालथा घातला आणि पक्कड घेतली. "हिलना मत, साले." थोड्या वेळाने त्याची पक्कड थांबली. नाक ओढल्याचा आवाज आला, मग पक्कड परत चालू झाली. मी मान वळवली नाही.

बापट फोनवर काहीतरी टाइप करत होता. मग त्याने मोठ्याने वाचून दाखवलं. "सीझनचा पहिला कॅच. एक नग, लांबी पाच फूट सात इंच. ल्यूर: चमचा." त्याने बोटाने स्क्रीन पुढे सरकवली. "शेरा: सोडून दिला."

घरी आलो तर वहिनी इराला घेऊन पोहण्याच्या क्लासला गेली होती. मी पक्कडीने कडी कापून गळ काढला. चमचा चिंचेने घासला. दोन्ही भोकांच्या कडा कानशीने गुळगुळीत केल्या. डबा उघडला, औषधाचा चमचा काढला, आणि हा हळदीच्या वाटीत ठेवून झाकण लावलं.

संध्याकाळी मी टेबलाशी बसलो होतो. वहिनीने तेल तापत ठेवलं आणि डबा उघडला. मग तिने मोहरी टाकली, तडतडू दिली, त्या चमच्याने हळद घातली. भोकातून थोडी ओट्यावर सांडली. पाठमोरीच म्हणाली,

"भाऊजी, गळ नीट काढलाय ना?"

"काढलाय," मी म्हणालो. आणि तरी उठून, तिच्या हातातून चमचा घेऊन, त्यावरून एकदा बोट फिरवून बघितलं.