कोऱ्या मुलखातला पाटा

लेक सैन्यात गेली तेव्हा मला पहिला धक्का बसला होता. सिडनीत, गिरावीनमधल्या आमच्या ओळखीच्यांची पोरं डॉक्टर नाहीतर आयटीत, आणि आमची बया गणितात पहिली येऊन सैन्याच्या जमीनमोजणीच्या तुकडीत! मी काम करते त्या वेस्टमीडच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कितीतरी दिवस मी कुणाला सांगितलंसुद्धा नाही. मग तिची तुकडी ऑस्ट्रेलियाच्या पार उत्तरेला, डार्विनपासूनही लांब, नकाशावर कोऱ्या राहिलेल्या खडकाळ मुलखाची मोजणी करायला गेली, आणि मी दिसेल त्याला थांबवून ते सांगायला लागले.

डार्विनला परतल्या परतल्या तिने व्हिडिओ कॉल केला. नाक उन्हाने सोललेलं, पण आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता.

"आई, फोटो पाठवलाय, बघ. माझा फर्स्ट सर्व्हे मार्क! रॉक एकदम स्मूद होता, मीच ड्रिल केलं. आमच्याआधी तिथे कोणीच गेलेलं नाही. लिटरली नोबडी!"

फोटोत लालसर कातळ होता. त्यात लांबट, गुळगुळीत खळगा, आणि खळग्याच्या बरोबर मध्ये ठोकलेली पितळेची चकचकीत खूण. कौतुक करायला म्हणून तोंड उघडलं आणि बाहेर पडलं भलतंच.

"अगं, हा तर पाटा आहे!"

"काय?"

"वाटायचा पाटा. तुझ्या बुटाजवळचा गोटा बघ. तो वरवंटा."

ती हसली. मग फोटो मोठा करून बघत राहिली, आणि हसू विरत गेलं. माझ्या आईचा पाटा तिच्या अख्ख्या संसारात बोटाच्या पेराएवढाही झिजला नव्हता. या खळग्यात माझा तळहात बुडाला असता. तिथल्या मूळच्या आदिवासी किती जणींनी, किती पिढ्या तिथे बसून वाटलं असेल? आणि माझ्या पोरीने त्यात भोक पाडलं!

"सांगावं लागेल सरांना," ती म्हणाली. "मार्क काढायला लावतील. माझा पहिलाच."

"सांग."

"भोक तर राहणारच ना, आई?"

ती स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती.

"हॅमर गाडीत राहिला होता," ती म्हणाली. "मार्कची पिन मी त्या गोट्यानेच ठोकली. हातात इतका नीट बसला गं तो."