तीनशे चारमधले विक्रम राणे

आधीच बजावते, कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगितलं तेव्हा माझ्या मावसबहिणीच्या नाकातून चहा आला होता, आणि सोफा माझा होता! शिवाय 'असं कसं केलंस गं?' हा प्रश्न कोणी विचारायचा नाही. कसं केलं हे मला कळलं असतं तर केलं असतं का?

तर ऐका. आमची सोसायटी नवीन पनवेलला, विचुंब्याच्या अंगाला. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. आई शिवणाचे क्लास घेते. मी न्हावा शेवा बंदरातल्या कंटेनरांची कागदपत्रं करणाऱ्या एका ऑफिसात आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या मालावरची नावं आणि पत्ते तपासायचे. स्वतःच्या नावापत्त्याचं काय होतं, याचा मात्र कधी विचार केला नव्हता.

मग एकदा ऑनलाइन मागवलेला कुर्ता आला, पिस्ता रंगाचा. आणि संध्याकाळी अनोळखी नंबरवरून मेसेज: 'हाय ऋतुजा, पिस्ता कलर तुम्हाला छान दिसेल.'

हसू नका हं! मी आधी दाराला आतून कडी घातली होती. त्या माणसाला माझं नाव माहीत, नंबर माहीत, दार माहीत आणि कुर्त्याचा रंगसुद्धा! नंबर ब्लॉक केला, तक्रार केली, पण पुढचा आठवडाभर बेल वाजली की मी टीव्ही बंद करून आधी दाराला कान लावायची. आईला सांगितलं नाही, तिला उगाच घोर.

मग भीती ओसरली आणि राग आला. आणि मला राग आला की मी थांबत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

फेसबुक बंद. इन्स्टाला कुलूप. व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीला माझ्याऐवजी कुंडीतली कोरफड. पार्सलवरचं लेबल मी नेलपॉलिश रिमूव्हरने पुसून, वर कात्रीने तुकडे करून, ते तुकडे दोन वेगवेगळ्या कचऱ्याच्या डब्यांत टाकायचे. आणि कुठेतरी वाचलं, की मुलींनी पार्सल पुरुषाच्या नावाने मागवावं. झालं! त्याच दिवशी तीनशे चारमध्ये विक्रम राणे राहायला आले.

नाव कसं भारदस्त आहे बघा. नुसतं वाचूनच कुरिअरवाला दोन पावलं मागे सरकेल. विक्रम राणेंची पार्सलं खाली वॉचमनकडे राहायची आणि मी ऑफिसातून येताना घेऊन यायची. लेटरबॉक्सवरचं आमचं नाव खरवडून मी 'वि. राणे' लिहिलं. आई कधी लेटरबॉक्सकडे बघतच नाही, त्यामुळे घरात तिसरं माणूस आलंय याचा तिला पत्ता नव्हता.

पण एकटीने सुरक्षित होऊन भागतंय का? सोसायटीच्या हळदीकुंकवाला मी बायकांचा वर्गच घेतला. वाण लुटायचं राहिलं बाजूला, मी उभी राहून अर्धा तास बोलले. वॉचमन चव्हाणकाकांनाही बोलावून घेतलं. कोणी कोणाबद्दल काहीही विचारलं तर काय सांगायचं? माझ्यामागून म्हणा!

"माहीत नाही! ओळखत नाही! सांगणार नाही!" सगळ्यांनी एका सुरात म्हटलं.

शेजारच्या देसाईकाकूंनी हात वर केला. "पण ऋतुजा, खरंच कोणी सरकारी माणूस आला तर गं?"

"तरीसुद्धा, काकू! भामटे गणवेश घालूनच येतात. आणि फोनवर मी बोलले तरी विश्वास ठेवू नका. हल्ली आवाजाचीही हुबेहूब नक्कल करतात."

काकूंनी हे शेवटचं वाक्य वहीत लिहून घेतलं. ते मला तेव्हा फार आवडलं होतं.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग ऑफिसात साहेबांनी बोलावलं. कोलंबोच्या बंदरात दहा दिवसांचं ट्रेनिंग, एकच जागा, आणि ती मला! "पण ऋतुजा, पासपोर्ट महिनाअखेर हातात हवा. नाहीतर निखिलला पाठवावं लागेल." निखिल म्हणजे ज्याने चाळीस फुटी कंटेनर कागदावर हरवून दाखवला होता तो. त्याला कोलंबो आणि मला कळंबोली? मी त्याच दिवशी अर्ज केला. कागद जमले, बोटांचे ठसे झाले. राहिलं फक्त पोलीस व्हेरिफिकेशन.

चार दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला.

"मी हवालदार म्हात्रे बोलतोय, पोलीस स्टेशनमधून. ऋतुजा सावंत का? तुमचं आधार कार्ड आणि लाइट बिल जरा व्हॉट्सअ‍ॅपला टाका."

अहाहा! इतके दिवस ज्याची वाट बघत होते तो भामटा एकदाचा आला! पासपोर्टचे पोलीस घरी येतात, व्हॉट्सअ‍ॅपवर आधार कार्ड कशाला मागतील? मी फोन स्पीकरवर टाकला आणि अख्ख्या ऑफिसला डबे बंद करायला लावले.

"हवालदार का? छान! आज डिजिटल अटक वगैरे नाही का करणार?"

"अहो ताई, पासपोर्टचं..."

"पासपोर्टचंही माहीत आहे तुम्हाला? अभ्यास करून आलाय! लाज नाही वाटत, बायकामुलींना फसवायला? घरी आई-बहिणी नाहीत?"

"मॅडम, नीट बोला."

"हिंमत असेल तर घरी या!"

"घरीच येतो," तो म्हणाला. मी नंबर ब्लॉक केला. ऑफिसात टाळ्या पडल्या, निखिलने तर उठून वाजवल्या. त्याने त्या एवढ्या मनापासून का वाजवल्या, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात, आई क्लासला, आणि दुपारी देसाईकाकूंचा मेसेज. सोबत फोटो. गणवेशातला एक मिशीवाला माणूस, हातात फाइल, चेहऱ्यावर वैताग. खाली लिहिलं होतं, 'आला होता गं मेला! तुझं नाव घेऊन विचारत होता. मी साखळी लावूनच सांगितलं, अशी कोणी मुलगी इथे राहत नाही. दाराच्या फटीतून फोटो काढला.'

चव्हाणकाकांनीही फोन केला. "ताई, टोपी, पट्टा, नावाची पाटी, सगळं अगदी खऱ्यासारखं होतं हो! मी म्हटलं, माहीत नाही, ओळखत नाही, सांगणार नाही. तीनशे चारमध्ये फक्त राणेसाहेब राहतात."

माझी छाती अभिमानाने फुलून आली. आणि तुमच्या या हुशार मैत्रिणीने पुढे काय केलं? फोटोवर लाल गोल काढला आणि खाली लिहिलं: 'सावधान! हा इसम पोलीस असल्याचे भासवून एकट्या महिलांची माहिती गोळा करत फिरत आहे. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा!!' सोसायटीचा ग्रुप, ऑफिसचा, शाळेचा, योगाचा, आईच्या शिवणक्लासचा. तासाभरात तो मेसेज मलाच तीन ठिकाणांहून परत आला.

शुक्रवारी सकाळी आमच्या गेटवर पारूमावशी बसते, मासेवाली, उरणकडची. मी बोंबील घ्यायला गेले तर तिने पाटी झाकली आणि मोबाइल काढला.

"आगो बाय, यो फोटू तू टाकलास?"

"हो मावशी! तुमच्यापर्यंत पोचला? बघा, सांभाळून राहा हं, भामटा आहे तो."

"भामटा कनचा? यो त आमचे गावचा जावय हाय! खरा पोलीस हाय तो. म्हात्रे हवालदार. आमच्या गावचे ग्रुपवर सगली त्याला हसतान. त्याची सासू रडते काल धरून!"

बोंबील राहिले पाटीत. मी तिथेच गेटवर खाली बसले. खरा पोलीस. म्हणजे खरा फोन. म्हणजे खरं व्हेरिफिकेशन! आणि मी त्याला आई-बहिणी विचारल्या होत्या.

ऑफिसात सुट्टी टाकली, आईला अर्ध्या क्लासमधून उठवलं आणि रिक्षा करून पोलीस स्टेशन गाठलं. वाटेत आईला सगळं सांगितलं. विक्रम राणे तेवढे वगळले.

हवालदार म्हात्रे टेबलाशी बसले होते. फोटोपेक्षा खूप साधे दिसत होते. मी नाव सांगताच म्हणाले, "या. पत्त्यावर न राहणाऱ्या ताई ना? बसा. अर्जदार सापडला नाही असा रिपोर्ट लिहूनच ठेवलाय. दुपारी वर जाईल."

"साहेब, चुकलं माझं," मी कशीबशी म्हणाले.

"माझ्या मुलीच्या कॉलेजच्या ग्रुपवर आला तो फोटो," ते म्हणाले. चिडून नाही, अगदी हळू. "काल कॉलेजला गेली नाही ती. मैत्रिणी विचारतात, तुझे बाबा खरे पोलीस आहेत का."

मेल्याहून मेल्यासारखं झालं, खरं सांगते. एका माणसाला माझ्या कुर्त्याचा रंग कळला म्हणून मी आठवडाभर घाबरले होते. आणि मी म्हात्र्यांचा चेहरा लाल गोल काढून अख्ख्या तालुक्याला वाटला होता, तेही काही न तपासता! तिथेच बसून मी ज्या ज्या ग्रुपवर पाठवला होता त्या त्या ग्रुपवर माफी लिहिली, माझ्या पूर्ण नावासकट. त्यांच्या मुलीला फोन लावून बोलले. ती हसायला लागली तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

म्हात्रेही जरा निवळले. "बरं, आता कामाचं. तुम्ही तिथे राहता हे सांगणारं घराबाहेरचं कोणीतरी लागेल."

"देसाईकाकू!" मी लगेच फोन लावला, स्पीकरवर. "काकू, मी ऋतुजा. हवालदारसाहेब खरे आहेत. मी शेजारी राहते एवढंच सांगा ना!"

पलीकडून ठणठणीत आवाज आला, "माहीत नाही! ओळखत नाही! सांगणार नाही! आवाजाची नक्कल करता काय? आमच्या ऋतुजाने शिकवलंय आम्हाला!" आणि फोन बंद. वहीत लिहून घेतलं होतं ना!

म्हात्र्यांनी फाइल उघडली. "आणि हे विक्रम राणे कोण? वॉचमन म्हणतो, तेच राहतात. लेटरबॉक्सवरही त्यांचंच नाव. भाडेकरूची पोलिसांत नोंद करावी लागते, माहीत आहे ना?"

आईने माझ्याकडे वळून बघितलं. "कोण विक्रम?"

"आई, कोणी नाही गं तो!"

"राहतो आपल्याकडे आणि कोणी नाही? अगं, आधी नाही का सांगायचंस? मी उगाच वर्षभर स्थळांचे ग्रुप पालथे घालतेय! करतो काय मुलगा?"

शेवटी विक्रम राणे जन्मलेच नाहीत, हे मला पोलिसांना आणि आईला, दोघांनाही समजावून सांगावं लागलं. आईचा चेहरा जास्त उतरला.

"म्हणजे तुम्हाला ओळखणारं कोणी नाहीच," म्हात्रे म्हणाले.

"असं कसं?" आईने पर्समधून मोबाइल काढला. "दोनशे घरं ओळखतात हिला! हे बघा." आणि तिने वधू-वर मेळाव्याच्या ग्रुपवरचा माझा बायोडेटा त्यांच्यासमोर धरला.

म्हात्रे मोठ्याने वाचायला लागले. पूर्ण नाव. जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मठिकाण. रास, नाडी, गण. फ्लॅट नंबर तीनशे चारसकट पत्ता. माझा मोबाइल, आईचा मोबाइल. ऑफिस, पगार. मामाचं गाव. साडीतला फोटो! आजूबाजूचे दोन शिपाईही खुर्च्या ओढून ऐकायला आले.

"ताई, मी नुसतं आधार कार्ड मागितलं तर मला डिजिटल अटक," ते म्हणाले. "हे कोणी बनवलं?"

"हिनेच," आई कौतुकाने म्हणाली. "रविवारभर बसून. बॉर्डर पण हिनेच निवडली."

लेबलं कात्रीने कापणारी मी, आणि ही माझी कुंडली दोनशे घरांत!

सही त्यांनी केली, बरं का. पासपोर्टही वेळेत आला. तुमच्या कपातला चहा कोलंबोचाच आहे. पण सही करण्याआधी त्यांनी पेन टेबलावर आपटत मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"यात उंची पाच फूट चार लिहिलीय."

मी खुर्चीत ताठ बसले.

"नाही म्हणजे, शेजारी तर ओळखत नाहीत. निदान कागदावरचं एक तरी जुळायला हवं ना?" त्यांनी कोपऱ्यातल्या भिंतीकडे बोट केलं. तिथे उंचीची पट्टी रंगवलेली होती. ती कोणासाठी असते, तुम्हाला ठाऊक आहे. "या, उभ्या राहा."

गेले. भिंतीला पाठ टेकली, मान ताणली, श्वास धरला. जगापासून मी खऱ्या अर्थाने जपलेली एकच माहिती होती, आणि ती आता पोलिसांच्या हाती चालली होती.

म्हात्र्यांनी डोळे बारीक करून वाचलं. "पाच फूट दोन."

मी हुश्श केलं. दोन तर दोन, चारचौघांत सांगण्यासारखी तरी आहे!

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "साहेब, तिला सँडल काढायला सांगा."