कोऱ्या कार्डावरचा अधिभार

बीडहून वडवणीची एसटी पकडली तेव्हा माझ्या पिशवीत एक कागद होता आणि डोक्यात भलताच रुबाब. लोककलावंतांच्या आमच्या पुण्यातल्या गटाची मागणी त्यावर होती: युरोपातल्या काही देशांसारखा इथंही कोऱ्या मेमरी कार्डावर, पेनड्राइव्हवर अधिभार लावावा आणि ज्यांची गाणी लोक फुकट उतरवून घेतात, त्या कलावंतांना तो द्यावा. मला मारुतीआबांची सही हवी होती. धनगरी ओव्या (मेंढपाळांची गाथागीतं) गाणाऱ्यांत त्यांच्या शब्दाला वजन. त्यांनी सही केली की बाकीचे करणार होते.

वडवणीत आठवडी बाजार भरला होता. एका मोबाइलवाल्याच्या पालातून चक्क आबांचाच आवाज येत होता.

"कोण गातंय हे?" मी विचारलं.

"म्हाईत न्हाई, ताई. पन लई चालतंय. भरून देऊ का कार्ड?"

माझा असा संताप झाला! पिशवीतला कागद मला दुप्पट खरा वाटू लागला.

दोन पालं सोडून आबांची लेक सुरेखा टेबल मांडून बसली होती. ती शाळेत शिकवते आणि बाजाराच्या दिवशी लोकांच्या कार्डांत मुक्त सॉफ्टवेअर (कुणीही वापरावं, बदलावं, वाटावं असं) भरून देते. मेंढ्यांच्या लशींची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम तर तिनं स्वतः, दुसऱ्या कुणाच्या मुक्त प्रोग्रॅमवरून बेतलेला. "मामा, उलटं घातलं की कार्ड!" असं ती एका पटकेवाल्याला दटावत होती आणि तो लाजून हसत होता.

संध्याकाळी तिच्या स्कूटीवरून घरी निघालो. अर्ध्या वाटेत चाक पंक्चर झालं, मग फुटलेल्या कापसाच्या शिवारातून आम्ही दोघींनी स्कूटी ढकलत नेली. घरी बाजरीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याची आमटी) होती. पहिल्याच घासाला माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. आबा खूश झाले.

जेवणानंतर मी कागद वाचून दाखवला.

"म्हंजी माझं गानं भरलं, तरच पैसं?" आबांनी विचारलं.

"नाही आबा. कार्ड कोरं असतानाच. पुढं त्यात काय भरतात, ते कोण बघणार?"

"मग सुरेखाच्या मानसांच्या कार्डावर बी?"

"हो."

"तिनं लिवायचं, तिनं फुकट वाटायचं, अन् पैसं मला?"

मी सुरेखाकडे बघितलं. सुरेखाच म्हणाली, "आबा, करा सही. उभी हयात गायलात, हातात काय आलं? तुमचा हक्क हाय."

"हक्क हाय. सोडीत न्हाई मी. जो माझं गानं इकतो, त्याच्या पालावर येत्या बाजारी सोता जातो." आबा माझ्याकडे वळले. "पर ताई, आमची ओवी मागच्या साथीदारानं उचलल्याबिगर पुढं जात न्हाई. ही पोरगी बी तेच करती. कुनाचं उचलती, आपलं घालती, पुढं देती. तिच्या वाटंवर मी नाका बसवू का?"

कागद घडी करून त्यांनी माझ्या हातात दिला. सुरेखा भांडी उचलायच्या निमित्तानं आत गेली.

परतीच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. गटातले लोक विचारणार, आबा का नाही म्हणाले? मी ताठ मानेनं सांगणार होते. असा माणूस आपल्या मातीतला, आपल्या भाषेत गाणारा, याचा मला फार अभिमान वाटला. कागद उघडला. त्यावर सगळ्यात वरची सही माझी होती. गाडी बीडच्या स्थानकात शिरायच्या आत मी ती खोडली.