उभ्याने जेवणारे साहेब

होळी जवळ आली की आमचे साहेब जेवायला बसायचे बंद व्हायचे. उमरेडकडच्या आमच्या वनपरिक्षेत्राचे ते अधिकारी आणि मी त्यांच्या हाताखालची वनरक्षक. ऑफिसच्या ओट्यावर डबा एका हातात धरून, टेकडीकडे तोंड करून ते उभ्याने जेवत. "बसून घ्या की साहेब," म्हटलं की म्हणत, "धूर काय माह्या जेवणासाठी थांबते का वं?" पाऊस पडेपर्यंत हा माणूस ना स्वतः टेकायचा, ना आम्हाला टेकू द्यायचा.

त्या टेकडीत बघण्यासारखं काही नव्हतं. पूर्वी आमच्याच खात्याने ती तोडून बोडकी केलेली. साहेबांनी तिथे एकही रोप लावलं नाही. जुन्या खोडांना फुटवे येत होते, ते राखायचे, एवढाच त्यांचा हट्ट. वरून विचारणा व्हायची, खड्डे कुठे, रोपं कुठे, फोटो कुठे? साहेबांचं उत्तर ठरलेलं. "आपण मोडलं, आपणच निस्तरायचं. आग तेवढी येऊ देऊ नका, जंगल आपल्या पायानं येते." शेवटी वरिष्ठांनी बजावलं, टेकडी जळली तर जेसीबी लावून सगळं उपटायचं आणि सागवान लावायचं.

मोहफुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळायची आमच्याकडे रीत. ती आग टेकडीवर चढू नये म्हणून साहेब सकाळीच स्वतः खराटा घेऊन मोहाखाली जात. फुलं वेचणारी कौतिकाबाई त्यांना हसायची. "काहून झाडून राहिले साहेब? बाईनं घरातून हाकललं का?" थट्टा चालायची, पण विश्वास नव्हता. कुठे धूर निघाला की अख्खं गाव केसच्या भीतीने दारं लावून बसायचं.

त्या वर्षी जाळरेषेचं काम लांबलं. जाळरेषा म्हणजे वणव्याला पुढे सरकायला काही उरू नये म्हणून आम्हीच आधी जाळून मोकळा केलेला पट्टा. एरवी थंडीत होणारं काम मार्चमध्ये, साहेबांच्या डोळ्यांसमोर उरकलं. एक ओंडका आतून धुमसत राहिला. दुपारी वारा सुटला आणि टेकडीची अर्धी बाजू गेली. ओल्या फांद्यांनी झोडपून आमच्या हातांची सालटी निघाली.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून वरिष्ठ आले. गावाला शाळेपुढे बसवलं. कौतिकाबाई आदल्या दिवशी टेकडीखाली दिसली होती, म्हणून तिला पुढे उभं केलं. "कबूल कर, नाहीतर केस होईल," वरिष्ठ म्हणाले. साहेब पुढे झाले. "तिले सोडा सर. आग माह्या ओंडक्याची. विझला समजून मी निघून गेलो."

वरिष्ठांनी आवाज खाली आणला. "अज्ञात इसमाने लावली म्हणू. विषय संपेल."

साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अज्ञात कसा सर? मी उभा आहे ना इथं."

आठवड्याभरात त्यांची बदली झाली. मला त्यांचा भयंकर राग आला. गप्प बसले असते तर टेकडीला वाली उरला असता. निरोपाच्या दिवशी मी हे तोंडावर बोलले. ते एवढंच म्हणाले, "पोरी, गाव आपल्याले भीत राहिलं तर टेकडी कोण वाचवन?" मला ते पटलं नाही. रिटायर झाल्यावर थोड्याच दिवसांत साहेब गेले. अजून आठवण आली की आधी राग येतो, मग रडू.

अर्धीच जळली म्हणून जेसीबी अजून आलेला नाही. उरलेली अर्धी बाजू जळली तर येईल, हे मला माहीत आहे आणि गावालाही.

यंदा मोहाच्या दिवसांत भर दुपारी माझा फोन वाजला. "मॅडम, आग टेकडीकडं चढून राहिली. सारे झोडपून राहिलो, लवकर या." एवढ्या नोकरीत त्या गावातून आगीची खबर देणारा हा पहिलाच फोन होता. हाताशी होती ती माणसं गाडीत घेऊन मी निघाले. पोचलो तेव्हा पायथ्याशी पळसाच्या फांद्या घेतलेली माणसं घामाने निथळत उभी होती. आग चढावरच अडवली होती त्यांनी, फुटवे शाबूत होते. कोणी पळालं नव्हतं.

मी अजून कोणाला काही विचारलंही नव्हतं. गर्दीतून कौतिकाबाई पुढे आली, काळे झालेले हात पदराला पुसले आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "मी लावली मॅडम."