मॉसी कुलहेनचं धावतं वर्णन

माझ्या नवऱ्याला, मॉसीला विचारा, "काय रे, आपल्या गावच्या पोराच्या चुकीनं गोल झाला का?" तो सांगणार, "चेंडू आत गेला." बस, एवढंच. जणू चेंडू आपला आपण फिरायला निघाला होता आणि वाटेत त्याला कुणी भेटलंच नाही. तेच समोरच्या गावच्या पोराच्या हातून काही सुटलं, की मॉसी त्याचं नाव तीनदा घेणार, वर त्याच्या बापाचं एकदा.

लग्न झाल्यापासून मी हे ऐकत आलेय, आणि लग्न झाल्यापासून वैतागत आलेय.

मॉसीला पगार गाई देतात. पण नॉकडेरिगमध्ये त्याला कुणी गाईंवरून ओळखत नाही, हर्लिंगच्या, म्हणजे आमच्या आयर्लंडच्या काठी-चेंडूच्या खेळाच्या, वर्णनावरून ओळखतात. आमच्या चर्चचं एक इवलंसं रेडिओ केंद्र आहे. अंथरुणाला खिळलेल्यांना रविवारची प्रार्थना घरी ऐकता यावी म्हणून ते बसवलं. मॉसीनं एका फादरना पटवलं, की प्रार्थना संपल्यावर यंत्र नुसतं पडून असतं, ते काही देवाला आवडत नसणार. मग दर सामन्याला हा गवताचे गठ्ठे वाहायची ट्रॉली गोलच्या मागे नेऊन लावायचा, तिच्यावर चढून फोनवर ओरडायचा, आणि तिकडे फादर तो फोन माइकला धरून उभे राहायचे. पुष्कळ घरांत प्रार्थनेला रेडिओ हळू असायचा आणि मॉसीला मोठा.

आपल्या माणसाचं नाव चुकीला जोडायचं नाही, हा त्याचा नियम. "सूर्य डोळ्यांत गेला, बिचारा काय करणार," हे त्याचं ठरलेलं वाक्य. जानेवारीत, पावसात, धुक्यातसुद्धा. मी म्हणायचे, "अरे, लोकांना खिडक्या आहेत. बाहेर बघतात ते."

"बघू देत की," तो म्हणायचा.

हा नियम आला थेडी गेनीमुळे. थेडी आमचे जुने गोलरक्षक. नॉकडेरिगचा संघ पूर्वी एकदाच काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, फायनलला पोचला होता, तेव्हा गोलमध्ये तेच होते. शेवटी शेवटी एक साधा चेंडू त्यांच्या काठीवरून निसटला आणि आम्ही हरलो. सोमवारी पेपरात त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत. दुकानात, दूधसंघावर, चर्चच्या पायऱ्यांवर, सगळीकडे तेच नाव. थेडी कितीतरी महिने प्रार्थनेला मागच्या दारानं येऊन मागच्या दारानं जायचे. मॉसी तेव्हा शाळेत होता आणि त्यांच्या शेजारी राहायचा. त्यानं ते सगळं पाहिलं, आणि त्याच्या डोक्यात जे बसलं ते कायमचं बसलं.

आता त्या खेळांच्या टीव्ही वाहिनीबद्दल सांगते. आज सगळ्या देशातले खेळ तिच्या खिशात आहेत, पण मी तिला अनवाणी पाहिलंय. अनवाणी म्हणजे खरोखर, एका पायानं का होईना. डब्लिनहून एक खटारा गाडी आली, दोन कॅमेरे आणि फिआक्रा नावाचा एक काडीपैलवान. चिखलात त्याचा बूट रुतून बसला, तर तो एका मोज्यावर माझ्या दारात उभा. "बाई, वीज मिळेल का?" तेव्हा त्यांच्याकडे दाखवायला काही नव्हतं. कुत्र्यांच्या शर्यती, डार्ट्स, आणि एका तळ्यावरची मासे पकडायची स्पर्धा, ती मी स्वतः चारदा पाहिली. गावोगावच्या क्लबचे सामने कुणाला नको होते, म्हणून फुकट मिळत होते, म्हणून हे आले होते.

आम्ही वीज दिली. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची वायर गेली, आणि खिडकी लागेना म्हणून मी दिवसभर कोट घालून स्वयंपाक केला. फिआक्रानं माझा अख्खा पाव संपवला. कॅमेरा उंच लावायला जागा नव्हती, तर आमच्या या दानशूरानं आपली ट्रॉली दिली आणि स्वतः ट्रॅक्टरच्या टपावर बसून ओरडला. जाताना फिआक्रा म्हणाला, "मॉसी, तुमचे उपकार विसरणार नाही."

विसरला नाही, ते आम्हाला पुढे कळलंच.

मग ती वाहिनी वाढली. कशी वाढली ते मला विचारू नका, वाढली एवढं खरं. आधी तिनं शाळांचे सामने घेतले, मग रग्बी, मग परदेशी फुटबॉल. काचेची इमारत झाली. एका खटाऱ्याच्या जागी पाच ट्रक आले आणि ट्रकांभोवती कुंपण. आणि ज्या क्लबच्या सामन्यांना कुत्रं विचारत नव्हतं, त्यांच्या प्रक्षेपणाचे हक्कही तिनं उचलले. हक्क आले तशा सामन्यांच्या वेळा गेल्या. आमचा सामना म्हणजे रविवारी, प्रार्थनेनंतर आणि दूध काढायच्या आधी. माझ्या आजीच्या वेळेपासून तसंच होतं. आता शनिवारी संध्याकाळी सात, दिव्यांच्या उजेडात. का, तर रविवारी त्यांना दुसरं काहीतरी दाखवायचं असतं. गाईंना कुणी विचारलं नाही.

आणि नेमकं त्याच वर्षी नॉकडेरिग पुन्हा फायनलला पोचलं.

गोलमध्ये होता डोनखा, थेडींचा नातू. थेडी आता वृद्धाश्रमात असतात, मी तिथेच स्वयंपाक करते. साखरेनं त्यांचे डोळे पूर्ण गेलेत. बातमी कळली तेव्हा मी त्यांना लापशी भरवत होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

"नोरीन, मॉसीला सांग. ही फायनल मला त्याच्या तोंडून ऐकायची आहे. टीव्हीतल्या माणसाच्या नाही."

"टीव्हीतला माणूस शिकलेला आहे, थेडी. आमचा तर खोटं बोलतो."

"म्हणून तर," ते म्हणाले.

मॉसी लगेच काउंटीच्या मैदानावर ट्रॉली कुठे लावायची ते बघायला गेला. मीही गेले, कारण एकटा गेला तर हा माणूस घर दान करून येईल अशी मला कायम भीती असते. फाटकाशी एक जाडजूड साहेब उभा, गळ्यात ओळखपत्र, पायात चकचकीत बूट. दोन्ही पायांत.

"मॉसी! मिसेस कुलहेन! तुमच्या त्या पावाची आजही आठवण येते हो."

"आम्हालाही येते," मी म्हटलं.

मॉसीनं ट्रॉलीचा विषय काढला. फिआक्राचा चेहरा कणकेसारखा मऊ झाला. हे लोक नाही म्हणायच्या आधी असा चेहरा करतात.

"मॉसी, हक्क आमचे आहेत ना आता. पूर्ण हक्क. चित्राचे आणि आवाजाचेही."

"आवाजाचे? माझा आवाज तर माझ्या आईनं दिलाय."

"मैदानातून बाहेर जो आवाज जाईल तो आमचा. चर्चच्या रेडिओवरसुद्धा नाही चालणार. फादरना कळवलंय आम्ही."

"फादरना!" मी म्हटलं. "अरे, वायर माझ्या खिडकीतून नेलीस तेव्हा हक्क कुणाचे होते? वीज कुणाची होती? ट्रॉली कुणाची होती?"

"मिसेस कुलहेन, माझ्या हातात असतं ना..."

"तुझ्या हातात माझा अख्खा पाव होता, मेल्या!"

मॉसी मला ओढत बाहेर घेऊन आला. घरी पोचल्यावर त्याचं सुरू झालं. हा कुंपणाबाहेरच्या झाडावर चढणार, फोन कोटात लपवणार, फादरना पटवणार. साठी उलटलेला माणूस! गुडघ्यातून कुरकुर आवाज येतो, आणि म्हणे झाडावर चढतो.

"तू गप्प बस," मी शेवटी ओरडले. "थेडी एक आहेत. त्यांना कान दोन आहेत. तू वृद्धाश्रमात जा, टीव्हीचा आवाज बंद कर, आणि त्यांच्याशेजारी बसून बोल. खोलीत बसून माणूस माणसाशी बोलतो, त्याचे हक्क अजून कुणी विकले नाहीत."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी प्रथमच शहाण्यासारखं काही बोलले होते. त्याचाही मला रागच आला.

शनिवारी गाईंचं दूध भर दुपारी काढलं. गाईंना वाटलं, आम्हा दोघांना वेड लागलंय. वृद्धाश्रमाच्या दिवाणखान्यात सगळ्यांच्या खुर्च्या लागल्या होत्या. मेट्रननं वाहिनीची जोडणी मुद्दाम घेतली होती, आणि आम्ही तिचा आवाज मुद्दाम बंद केला. थेडी मधोमध बसले होते, गुडघ्यावर घोंगडी, गळ्यात क्लबचा लाल मफलर. मॉसी त्यांच्या उजव्या कानाशी.

आणि बोलला की हो! मी त्याला इतकी वर्षं ऐकतेय, पण त्या दिवशी तो ट्रॉलीवर नव्हता, फोन नव्हता, ओरडायचं नव्हतं. हळू बोलत होता. डोनखानं एक चेंडू छातीवर घेतला, तर थेडींचा हात आपोआप छातीशी गेला. डोनखानं दुसरा अडवला, तिसरा अडवला. मी चहाचं भांडं हातात घेऊन तशीच उभी. चहा थंड झाला, कुणी मागितलाही नाही.

अगदी शेवटची मिनिटं. आम्ही दोन गुणांनी पुढे. समोरच्या क्लोनबार्ना संघाच्या पोरानं दुरून, मैदानाच्या अगदी मध्यावरून, चेंडू नुसता वर उडवून दिला. काही अर्थ नव्हता त्या फटक्याला. चेंडू खाली आला, डोनखानं हात वर केला, आणि तो त्याच्या बोटांतून सुटून मागे जाळीत गेला. गोल म्हणजे तीन गुण. आम्ही एकानं मागे पडलो, आणि तेवढ्यात सामना संपल्याची शिट्टी झाली.

मॉसी थांबला. पडद्यावर लगेच तेच पुन्हा, या बाजूनं. मग त्या बाजूनं. मग मागून. मग हळूहळू, एकेक बोट दिसेल असं. खाली मोठ्या अक्षरांत डोनखाचं नाव.

"मॉसी," थेडी म्हणाले, "काय झालं?"

"चेंडू आत गेला."

"कसा?"

आणि माझ्या नवऱ्यानं, सवयीनं, तेच म्हटलं. "सूर्य डोळ्यांत गेला, थेडी. बिचारा काय करणार."

मी कपाळाला हात लावला.

थेडींनी मान मॉसीकडे वळवली. "सात कधीच वाजून गेले ना रे?"

"हो."

"ऑक्टोबर आहे ना?"

"हो."

"मग सूर्य कुठला?"

मॉसीचे कान लालबुंद झाले होते. सगळ्या आयुष्यातली त्याची एकच थाप, आणि ती त्या मेल्या वाहिनीनं वेळ बदलून खोटी पाडली.

"मला वाटायचंच," थेडी म्हणाले. "पावसाचा पत्र्यावर आवाज यायचा, आणि तुझ्या मैदानावर ऊन."

निघताना मी त्यांची घोंगडी नीट केली तेव्हा त्यांचे हात गार होते. घरी जाताना मी मॉसीला खूप बोलले. तो खिडकीबाहेर बघत होता. शेवटी म्हणाला, "नोरीन, आता ते पोरगं मागच्या दारानं ये-जा करणार."

रविवारी जेवणाच्या वेळी डोनखा वृद्धाश्रमात आला. खरोखर स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं आला. डोळे सुजलेले, टोपी कपाळावर ओढलेली. मला म्हणाला, "आजोबा जागे आहेत?" मी एका हातात बटाट्याची परात घेऊन, दुसऱ्या हातानं त्याला धरून दिवाणखान्यात नेलं. मॉसी तिथे होताच, प्रार्थना झाल्यापासून येऊन बसला होता.

कोपऱ्यात टीव्ही मुका चालू होता. रविवारी त्यांना दुसरं काहीतरी दाखवायचं होतं ना? तर कालच्याच सामन्याचा शेवट दाखवत होते. तीच बोटं, तोच चेंडू. डोनखा दारातच थिजला.

"कोण आहे?" थेडींनी विचारलं.

"मी, आजोबा."

"ये, बस. कालचं सगळं ऐकलं मी, मॉसीकडून." थेडींनी हात पुढे केला आणि नातवाचा हात शोधून घट्ट धरला. "दिवे डोळ्यांत गेले म्हणे तुझ्या. ते मेले मोठे दिवे लावतात. त्यापुढे कुणाला चेंडू दिसणार?"

डोनखानं मॉसीकडे पाहिलं.

"माझ्या डोळ्यांनी पाहिलं मी," मॉसी म्हणाला. "थेट डोळ्यांत."

मला रडू आलं आणि रागही आला. कुणाचा ते मला अजून नीट सांगता येत नाही. परात माझ्या हातातच होती. मी ती घेऊन टीव्हीसमोर जाऊन उभी राहिले, आणि आहे तेवढ्या माझ्या रुंदीनं तो पडदा झाकला.

"माझ्या वेळी दिवे नव्हते," थेडी म्हणाले. ते नातवाशी बोलत होते की मॉसीशी, कळलं नाही. "ऊन मात्र होतं. ते डोळ्यांत गेलं असं कुणी म्हणालं नाही."

मग बटाट्यांचा वास कुठून येतोय ते हुंगून त्यांनी मान माझ्या, टीव्हीच्या कोपऱ्याच्या, दिशेला वळवली. "नोरीन, तू तिथे परात घेऊन किती वेळ उभी राहणार? तो टीव्ही बंद कर आणि पोराला वाढ."