मस्कत ते मुलुंड, कोलंबोमार्गे

चंद्रहास बिवलकर एकवीस वर्षं मस्कतमध्ये होता आणि त्या एकवीस वर्षांत तो सरळ वाटेने फारसा कुठे गेला नव्हता. वागायला माणूस अगदी सरळ. रुवीतल्या एका कंपनीसाठी पंपांची तपासणी करायचा, वादी अदाईत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायचा, मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत शेवटी उभा राहायचा. वाकडी होती ती फक्त त्याची विमानं.

पंप बघायला कंपनी त्याला जर्मनी-इटलीला पाठवायची. त्यातून विमान कंपनीचे, पुढे फुकट तिकीट देणारे पॉइंट जमले आणि पॉइंटांतून तत्त्वज्ञान जमलं. ते तो कुणालाही सांगायचा, विचारलं नाही तरी.

"हे बघा, पॉइंट ज्या कंपनीचे, त्याच कंपनीत ते खर्चायचे नसतात. घरच्या माणसाला घरी काय मिळतं? आमटी-भात. तोच व्याह्यांकडे गेला की श्रीखंड-पुरी, वर विडा. आपल्या कंपनीचे व्याही म्हणजे तिच्या पार्टनर एअरलाइन. जेवायला जायचं ते त्यांच्याकडे. आपली कंपनी जेवढ्या पॉइंटांत शेवटच्या रांगेत कोंबते ना, तेवढ्यात व्याही आडवं झोपवून नेतात."

लोक आपापली कार्डं घेऊन त्याच्याकडे येत. व्याह्यांच्या जागा वेबसाइटवर दिसत नसत, फोन करून मागाव्या लागत. आणि फोनवरचं तेच ते संगीत ऐकत पाऊण तास थांबायची चिकाटी अख्ख्या रुवीत एकट्या चंद्रहासपाशी होती. अल खौदच्या एका प्राध्यापकाला त्याने टोरांटोला इतक्या कमी पॉइंटांत पाठवलं, की परत आल्यावर प्राध्यापक टोरांटोबद्दल चकार शब्द बोलले नाहीत, फक्त तिकिटाबद्दल बोलले.

स्वतःसाठी नियम याहून कडक होते. पहिला नियम, मस्कत-मुंबई थेट विमानावर पॉइंट जाळायचे नाहीत. अडीच तासांचा प्रवास; सँडविचचा कागद सुटेपर्यंत उतरायची वेळ. आणि पॉइंट असताना पैसे मोजून जायचं, तर इतकी वर्षं केलं काय? त्यामुळे धाकट्या भावाच्या, सलीलच्या लग्नाला बिवलकर कुटुंब थोड्या पॉइंटांत, व्याह्यांच्या विमानाने, बँकॉकवरून मुलुंडला गेलं आणि शेवटच्या मंगलाष्टकाला पोचलं. बायकोने, श्यामलाने, विमानतळाच्या स्वच्छतागृहात पैठणी नेसली होती. मुलगी देविका हिने पुढे भूगोलाच्या वहीत लिहिलं, की ओमानहून भारतात जायला दीड दिवस लागतो. बाईंनी लाल फुली मारली. देविका म्हणाली, "बट मिस, इट डज."

मुलुंडच्या आईला मस्कत बघायचं होतं. तिचे गुडघे गेलेले, पाय दुमडून बसवत नसे. "आई, आडवं होता येईल अशी खुर्ची मिळाली की तुला आणतो," असं चंद्रहास नऊ वर्षं सांगत होता. पॉइंट होते. भाव पटत नव्हता.

"चंदू, माझ्या खुर्चीचं काय झालं रे?" दर रविवारी फोनवर ती विचारायची.

"थोडं थांब गं. अडीच तासांसाठी एवढे पॉइंट कोण देतं?" कोथिंबिरीच्या जुडीबद्दल बोलावं तसं तो म्हणायचा. तिलाही ते पटायचं. घासाघीस करण्यात तिचं आयुष्य गेलं होतं.

जून २०१६. रमजान चालू होता, भारतीय शाळांना सुट्टी लागली होती आणि मुंबईची विमानं पोराबाळांनी भरून चालली होती. गुरुवारी सकाळी आठला सलीलचा फोन आला.

"दादा, आईला आयसीयूत हलवलंय. न्यूमोनिया. डॉक्टर म्हणतात दोन दिवस, फार तर तीन. तू नीघ."

"शुद्धीवर आहे?"

"आहे. तुझंच विचारतेय. लवकर ये रे."

चंद्रहास हातातली फाइल तशीच टाकून मजीदच्या दुकानात गेला. मजीद श्रीवर्धनचा, रुवीत त्याचं तिकिटांचं दुकान होतं. दोघांची मैत्री जुनी, जरी चंद्रहासने त्याच्याकडून आजवर एकही तिकीट घेतलं नव्हतं.

"नशीब बघा, चंदूभाई," स्क्रीनवरून नजर न हलवता मजीद म्हणाला. "दीडचं डायरेक्ट, आत्ता एक सीट कॅन्सल झाली. साडेपाचला मुंबई. एकशेसत्तर रियाल."

"एकशेसत्तर?"

"सुट्ट्या आहेत. परवापर्यंत दुसरं काही नाही."

"पॉइंटांत बघ."

मजीदने बघितलं. "साठ हजार."

खात्यात एक लाख चौऱ्याऐंशी हजार होते. तरी साठ हजार ऐकून चंद्रहासच्या तोंडावर जे उमटलं ते दुःख नव्हतं. कुणी तोंडावर मूर्ख म्हटल्यावर उमटतं ते होतं. त्याने खिशातून मोबाइल काढला, नंबर लावला, स्पीकर चालू केला. संगीत सुरू झालं.

"अहो, माझा रोजा आहे, हे पिपाणीवालं बंद करा," मजीद म्हणाला. "मी सीट धरून ठेवलीय. फार वेळ नाही धरता येत. आईकडे चाललाय तुम्ही, टूरवर नाही."

"दहा मिनिटं."

पंचवीस मिनिटांनी पलीकडून एक बाई बोलल्या. व्याह्यांच्या विमानात आजच जागा होती. दुपारी तीनला मस्कत, रात्री नऊच्या आत कोलंबो, तिथून सकाळी निघून साडेनऊला मुंबई. बिझनेस क्लास, वीस हजार पॉइंट. फोनवर हात ठेवून चंद्रहास म्हणाला, "साठाच्या जागी वीस. तेही आडवं."

"आणि पोचणार कधी?"

"उद्या सकाळी. डॉक्टरांनी दोन दिवस दिलेत."

"डॉक्टर कोण देणारा?"

हिशेब तर होताच, पण हिशेबाच्या खाली आणखी एक गोष्ट होती. दीडच्या विमानात मिळेल त्या भावाने घुसायचं म्हणजे धावत जायचं, आणि माणसं धावत कशासाठी जातात ते चंद्रहासला ठाऊक होतं. आडव्या खुर्चीतून जाणारा माणूस आईला भेटायला जातो. पोचवायला नाही.

"सोड ती सीट," तो म्हणाला.

मजीदने एक बटण दाबलं. चार मिनिटांत ती जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली.

घरी श्यामलाने बॅग भरून ठेवली होती. तिने एवढंच विचारलं, "मजीदभाईंकडे दीडचं होतं ना?" आणि उत्तराची वाट न बघता चेन लावली.

विमानात खुर्ची खरोखरच पूर्ण आडवी झाली. चंद्रहासला झोपही लागली. कोलंबोला उतरल्यावर त्याने मोबाइल चालू केला. सलीलचा निरोप होता: "दादा, आई ७.५० ला गेली."

बिझनेस क्लासच्या प्रवाशांसाठी लाउंज होतं. तिथे गरम जेवण होतं, शॉवर होता, मऊ कोच होते. चंद्रहास एका कोचाच्या कडेला बसला आणि त्याने हिशेब मांडला. साडेपाचला मुंबई. हातातली बॅग फक्त, म्हणजे सव्वासहाला बाहेर. मुलुंडला पोचायला एक तास. सव्वासात. पस्तीस मिनिटं उरत होती. मग त्याने रस्त्यावरची गर्दी धरून पुन्हा हिशेब केला. तरी पंधरा उरली. मग इमिग्रेशनची रांग धरली. तरी पाच उरली. सकाळपर्यंत त्याने त्यात आणखी काय काय धरलं, पण ती पाच मिनिटं काही संपेनात.

मुलुंडला त्याच्यासाठी सगळे थांबले होते. मोठा मुलगा म्हणून अग्नी त्यानेच दिला. दुपारी दोघे भाऊ घरी आले, अंघोळी झाल्या, आणि आईच्या खोलीत पंख्याखाली बसले.

"शेवटपर्यंत शुद्धीवर होती," सलील म्हणाला. "मास्क बाजूला करून सारखी विचारायची, चंदू कुठवर आला? मी म्हटलं, विमानात बसला. तेव्हा शांत झाली. मग सातच्या सुमाराला म्हणाली, अडीच तासच लागतात ना रे? चंदूच सांगतो. अजून कसा उतरला नाही?"

सलील पुढे सांगू लागला.

"खोटं काय सांगायचं? म्हटलं, कोलंबोवरून येतोय. तिने जरा विचार केला. म्हणाली, कोलंबोला काय आहे? मला सांगता आलं नाही. त्यानंतर बोललीच नाही काही."

सलीलच्या आवाजात राग नव्हता. रडून रडून आवाजच उरला नव्हता. तो भावाकडे बघून म्हणाला, "काय आहे रे, दादा?"

चंद्रहास म्हणाला, "झोन असतात, सलील. आखात ते भारत, सगळे एकाच झोनमध्ये धरतात. मध्ये कुठेही उतरलास तरी चार्टवर पॉइंट तेवढेच. आपल्या कंपनीत गेलो असतो तर साठ हजार, आणि व्याह्यांकडे..."

सलील वाट बघत होता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. पंखा फिरत होता. कोपऱ्यात आईची काठी भिंतीला टेकवून ठेवली होती. खात्यात अजून एक लाख चौसष्ट हजार शिल्लक होते.